वैजनाथबुवाने पुसलेला डाग

“सायली माझी बाई, वेलीवरचं गं चांदन,
तिच्या पायानं सजलं, माझं मातीचं आंगन...”

कांदा खुरपता खुरपता आई ही ओवी गायची. पंकजा तेव्हा आठ वर्षांची, कळशी घेऊन बांधावर उभी. धाकटीसाठी आईच्या गळ्यात ओव्यांचं मोहोळ होतं. थोरलीसाठी एकच हाक: “पंके, पानी आन.” पस्तिशी आली तरी ते आवाज तिच्या कानातून गेले नव्हते.

आणि आज, या गुरुवारी, देवळाली प्रवरेबाहेर उसाला लागून टाकलेल्या मांडवात मुंगीलाही वाट नव्हती. वैजनाथबुवांचा दरबार! इथला रिवाजच न्यारा. नारळाबरोबर स्कॅनची सीडीही वाहायची. चेला ती पडद्याआड नेई. आठवडाभर अंगारा खाल्ला की मोठ्या टीव्हीवर दोन चित्रं झळकत, आधीचं आणि नंतरचं.

“बघा मायबापहो!” बुवा गरजले. “डाक्टर मशीन फिरवतो, आमी ग्रह फिरवतो!”

टीव्हीवर मागच्या गुरुवारचाच चमत्कार पुन्हा लागला होता: साळूबाईंची छाती. पंकजाच्या आईची. पहिल्या चित्रात फुप्फुसात धुरकट डाग, दुसऱ्यात सगळं काळंभोर, स्वच्छ. गर्दीनं हात जोडले. साळूबाई खोकत खोकत हसल्या आणि शेजारी बसलेल्या धाकट्या सायलीच्या गालावरून बोटं फिरवली.

पंकजा ती बोटं बघत होती. सावेडीच्या स्कॅन सेंटरमध्ये ती टेक्निशियन. आईला टेबलावर तिनंच झोपवलं होतं, “श्वास रोखून धर” असं तिनंच सांगितलं होतं. डॉक्टरांनी डाग पाहून सोमवारी सुईनं तुकडा काढून तपासणी करायचं ठरवलं. पण सायलीनं आईची सीडी बुवांना वाहिली आणि त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी हीच दोन चित्रं मोबाईलवर पाठवली. “ताई, डाग गेला! आई तपासणीला नाही म्हणते.” मागोमाग आईचा आवाज: “माझ्या सायलीनं वाचीवलं गं मला.”

चित्रं पाहताच पंकजाला लबाडी कळली होती. पण ती गप्प राहिली. चार लोकांत उघडं पडू दे सायलीचं शहाणपण, मग बघू आई कुणाला कुरवाळते! सोमवार तसाच गेला.

आता ती लॅपटॉप घेऊन पुढं झाली.

“बुवा, डाग गेला, मग नसा कुठं गेल्या?”

“कसल्या नसा?”

“पहिल्या चित्रात झाडाच्या फांद्यांगत रेघा हायेत, त्या रक्ताच्या नसा. दुसऱ्यात बारीक फांद्या गायब. अंगाऱ्यानं त्याबी खाल्ल्या? मग आई उभी कशी?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

“अन् स्कॅनवर तारीख-वेळ छापलेली असते. बरोब्बर तिथं तुमी सोताचा फोटो चिकटवलाय, दोन्ही चित्रं एकाच स्कॅनची हे दिसू नये म्हनून!”

“पोरी, श्रद्धा न्हाई त्याला दिसायचं न्हाई!”

“मग श्रद्धावानालाच दाखवू. रंभाजीबाबा, या.”

रंभाजीबाबा म्हणजे बुवांचा पहिल्या रांगेतला भक्त. पंकजानं आईचा स्कॅन उघडला. “माऊस दाबून धरा अन् सरकवा.”

बाबांनी सरकवला. डाग विरघळला. त्यांनी विंचू चावल्यागत हात मागं घेतला. “अगं, म्या काय केलं?”

“उलटं सरकवा.” डाग परत हजर.

“आरं तिच्या! मीबी बुवा झालो की!”

मांडव खदखदला. पंकजा म्हणाली, “यंत्र फोटो काढत न्हाई. अंगाभोवती फिरतं, चहूबाजूंनी किरणं सोडतं, आरपार किती गेली ते मोजतं. हाती येतात नुसते आकडे. कॉम्प्युटर त्या आकड्यांचं गणित सोडवतो अन् छातीतल्या कणाकणाला आकडा देतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला शेकड्यांनी वर. पडद्यावर सगळे आकडे एकदम उमटले तर डोळ्याला काही उमजत न्हाई. म्हणून आपण एक पट्टा निवडतो. पट्ट्याखालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं, मधलं करडं.”

“म्हंजी ढीग त्योच,” रंभाजीबाबा सावकाश म्हणाले, “चाळन बदलली.”

“व्हय बाबा. हा डाग धुरकट, हवेच्या आकड्यांजवळचा. बुवांनी पट्टा वर सरकवला, तसा डाग काळ्यात बुडाला. चित्रातून गेला, छातीत हाय तिथंच हाय.”

सगळ्यांनी वळून बघितलं, तर बुवांची गादी रिकामी. पडद्यामागं उसाची पानं सळसळत होती.

“हात जोडा, पन आधी इचारा,” पंकजा गर्दीला म्हणाली. “हे झालं कसं? मला करून बघू देता का? जो करून बघू देत न्हाई, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका. अन् तुमच्या सीड्या घेऊन उद्याच्या उद्या डॉक्टरकडं जा.”

लोक पडद्याआडच्या सीड्यांवर तुटून पडले. सायली ओंजळीत तोंड लपवून रडत होती. हाच क्षण बघायला तर पंकजा आली होती. पण आईनं सायलीला पोटाशी घेतलं. “रडू नगं. माझ्यासाठीच केलंस ना? चुकलीस, त्यात काय!”

आईला मोठी ढास लागली. पंकजानं पाठीवर हात ठेवला, तर हाताला नुसती हाडं. चार दिवसांत आई आणखी सुकली होती.

“आई, सायलीला कळलं न्हवतं. मला कळलं हुतं. फोटो आला तवाच. तू तिचं नाव घेतलंस म्हनून मी गप बसले. सोमवार मी चुकू दिला, आई.”