पेल्यावरची मनिषा

...काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, ‘मनिषा’, बोटाला अजून खरखरीत लागत होतं. अनिताबाईंनी तो स्टीलचा पेला सातवीच्या वर्गासमोर उंच धरला. ‘इतिहास आणि आपण’ हा पाठ राजाराण्यांपासून सुरू करायचा नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आधी वस्तू, मग प्रश्न, आणि शेवटी हसत सांगायचं, अरे, ही मनिषा म्हणजे मीच की!

इंदापूरच्या बाजारात वडिलांनी रुखवताची सगळी भांडी हौसेनं नाव घालून घेतली होती – आणि लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं ‘अनिता’ लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं, हे तरी कुठं ठाऊक होतं तेव्हा... सासरी पिंपळीला आल्यावर सासूबाईंनी ती भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. “लोकं म्हणतील, घरात दोन सुना हायत का काय!” काल त्या देवळात गेल्याची वेळ साधून एक पेला काढला, स्वतःचीच वस्तू, चोरासारखी! नुसता संताप येत होता.

“सांगा, ही मनिषा कोण असेल?”

बाहेरून एमआयडीसीकडं निघालेल्या मोटारसायकली गेल्या. मग गोकुळ उठला. “मोडीतनं आणला आसंल, बाई.”

“नाव घातल्यालं कोण मोडीत देतंय?” प्रतिक्षानं त्याला झटकलं. “बाई, ती मेली आसंल.”

सगळ्यांना पटलं. वस्तू बघून अंदाज बांधायचा, हे बाईंनीच तर मागच्या आठवड्यात शिकवलं होतं.

“कशानं मेली, बाई?” गोकुळनं विचारलं.

“गप्प बसा!”

ओरडल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली. पोरांचं काय चुकलं? एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही जमेना. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या कानावर जाणार, ते तर होतंच – पण मी आहे, हे पटवायला दाखवू काय? माहेरीसुद्धा आता ‘अनिता आली’ म्हणतात. हजेरीवर अनिता, रेशनकार्डावर अनिता, मीही हाक आली की वळते, निमूट... मेली म्हणे! जिती हाय ती, जिती हाय रं – आईच्या बोलीत घशाशी आलं, त्या बोलीत बाई शाळेत कधीच बोलल्या नव्हत्या. पोरं वाट बघत होती. आणि तोंड उघडलं तर आवाज नेमका कुणाचा निघेल, याचीच अनिताबाईंना धास्ती वाटू लागली.