मर्वची विहीर आणि अबू शिमरची साखळी

मर्व शहरातल्या जुन्या मशिदीमागच्या विहिरीवर झुंबड उडाली होती. एक लंगडा पाणी प्यायला, कुबड्या फेकून ताडताड चालू लागला, आणि बायाबापड्या रडायलाच लागल्या. काठावर अबू शिमर उभा. डोळे मिटून सांगत होता, हे पाणी पिणाऱ्याला औषध हराम. खुद्द पैगंबरांचे बोल आहेत, मी बसऱ्यात गुरू हैसम यांच्या तोंडून ऐकले, त्यांनी आसिमकडून, अशी साखळी थेट मदिनेपर्यंत. घागरीचे पैसे मात्र रोख घेत होता.

माझं डोकं फिरलं होतं. माझ्या बहिणीने, मैमूनाने, या बोलांवर विसंबून हकिमाचा काढा ओतून दिला होता. तिची पोर रैता तापाने फणफणलेली, आईलासुद्धा ओळखेना. मी काही म्हटलं की मैमूना विचारी, "दादा, पैगंबरांपेक्षा तू शहाणा?"

शेवटी शेख बिश्र यांना हातापाया पडून आणलं. पैगंबरांचे बोल म्हणून कोणाचं कथन घ्यायचं, कोणाचं टाकायचं, हे पारखण्यात त्यांची हयात गेलेली. वाटलं, आल्या आल्या झाडतील. कसलं काय! ते अबू शिमरशेजारी बसून गोड बोलू लागले.

"हैसमनी हे आसिमकडून नाही, सल्मकडून ऐकलं ना?"

"हो हो, सल्मच. जीभ घसरली."

"तेही बसऱ्यात नाही, कूफ्यात?"

"कूफ्यातच, शेखसाहेब."

"आणि पाणी डाव्या पायावर उभं राहून प्यायचं, हेही त्यात आहे ना?"

अबू शिमर जरा घुटमळला. "आहे तर. लोकांना झेपणार नाही म्हणून सांगत नव्हतो."

गर्दी जवळ सरकली.

शेख उठले. "या तिन्ही गोष्टी मी आत्ता इथे बसून रचल्या. ज्याने खरंच ऐकलंय, तो दुसऱ्याने तोंडात घातलेलं घेत नाही. माझं खोटं हा पैगंबरांच्या नावावर खपवतो, मग स्वतःचं किती खपवलं असेल?"

सगळ्यांत आधी पळाला तो लंगडा, दोन्ही पायांवर. अबू शिमर त्याच्या मागोमाग.

भरली घागर घेऊन मैमूना तशीच उभी होती. "मग पैगंबरांचे बोल?"

शेख म्हणाले, "बोलांवर नाही बाई, ते आणणाऱ्यावर संशय घेतला. बोल मोलाचे, म्हणूनच घ्यावा लागतो."

तिने घागर उपडी केली आणि तडक हकिमाचं दार गाठलं. मी धापा टाकत पोचलो तर तिने त्यालाच धारेवर धरलेलं: काढ्याने कोण बरं झालं, तुम्ही स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं? हकीम वैतागला, पण नावं सांगितली. त्यातली एक बाई शेजारच्याच गल्लीतली. तिला विचारून आल्यावरच मैमूनाने काढा घेतला.

रैता वाचली, खरबूज मागू लागली. आता घरी कोणी काही नवल सांगू लागलं की मैमूना आधी विचारते, तू हे कोणाकडून ऐकलंस? तुम्हीही विचारा. विचारल्याने श्रद्धा बाटत नाही. न विचारल्याने आमची रैता जाणार होती.