दोन मापं तेल

मित्रांनो, शंभर मिली तेल मावेल एवढंच माझं पोट आणि त्याला लांब दांडा. मी सदलग्याच्या तेलघाण्यावरचं एक जुनं पितळी माप आहे. सोनाबाईचे वडील माझ्यानं शेंगतेल मोजून देत. त्यांचं माप कधी कमी भरलं नाही, असं लोक म्हणत. घाणा बंद पडला तेव्हा सोनाबाईनं मला लोंढ्याजवळ आपल्या सासरी आणलं. तिथं मी खुंटीवर लटकून काळं पडलं.

सोनाबाईची सून रचना हिनं डुकरं पाळायला घेतली. तिची चंद्री नावाची डुकरीण ऐन उन्हाळ्यात नऊ पिल्लं व्याली. उकाड्यानं तिला खाद्य जाईना. बरगड्या वर आल्या, दूध आटलं आणि चार पिल्लं गेली. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला व्यायच्या आठवडाभर आधीपासून खाद्यात ताजं तेल घाल. खाणं थोडं गेलं तरी ताकद मिळते, दूध दाट होतं. पण दिवसाला दोनशे मिलीच, तेही दोन वेळांत."

चंद्री पुन्हा गाभण राहिली. दिवस भरत आले तशी रचनानं मला चिंच लावून लखलखीत घासलं. चारच दिवस मी तेल मोजलं असेन, तोवर सोनाबाईनं पाहिलं.

"माझ्या बाचं माप, आनि डुकराच्या खान्यात?"

"आत्ती, मोजून घालायला सांगितलंय बाईंनी."

"अंदाजानं वत की! लई शानी झालीस."

तिनं मला ट्रंकेत टाकलं. रचनाही चिडली. दुसरं भांडं शोधायचं सोडून ती डब्यातूनच धार धरू लागली.

या वेळी दहा पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी चंद्रीला हगवण लागली, तिनं खाद्य सोडलं. भुकेल्या पिल्लांचं किंचाळणं मला ट्रंकेत ऐकू येत होतं. दुपारी एक पिल्लू गेलं. रचना ते पाटीत घेऊन दारात बसून राहिली. थोड्या वेळानं ट्रंकेचं झाकण उघडलं.

"किती सांगितलंतं बाईनं?" सोनाबाईनं विचारलं.

"दोन मापं. मीच रागानं वतत हुते, आत्ती."

"आनि माप मी लपवलंतं. ऊठ आता, पोरी."

तेल थांबवलं, डॉक्टरीणबाईंचं औषध चालू झालं. चंद्री खाऊ लागल्यावर सोनाबाईनं स्वतः मला डब्यात बुडवलं. आधी अर्धं माप, मग दोन-तीन दिवसांनी पुरं. "फेस बसू दे, मग बघ भरलंय का," असं ती सुनेला शिकवत होती. उरलेली नऊ पिल्लं महिन्याभरात टणक झाली आणि चंद्रीही खंगली नाही. आता शेजारची जयाबाईसुद्धा मला मागून नेते.

मित्रांनो, वापरून झालं की मला कोमट पाण्यानं धुवा. कालच्या तेलाचा खवट वास राहिला तर जनावर खाद्याला तोंड लावत नाही. रागाच्या भरात कुणाला खाऊ घालू नका. आणि पिल्लं ओरडू लागली तर आधी त्यांच्या आईच्या पुढ्यात काय आहे, ते वाकून बघा.