कव्हरवरचा करंट

धानाच्या गिरणीत कोंडा उडतो. भुवयांवर बसतो, भिंतीवर बसतो.

सानगडी गावचं धुकं दार उघडायची वाट पाहत नाही, फटीतूनच आत येतं.

शुक्रवार. मेन स्विचच्या कव्हरवर ओल्या कुंकवाचे पाच ठिपके.

दहावीच्या पुस्तकातलं वाक्य: प्लास्टिकमधून वीज वाहत नाही.

उजवं मनगट. झिणझिण्या.

मनगट दामिनीचं. रोज सकाळी गिरणीचा मेन स्विच तीच चालू करायची. तिला कव्हर बदलून हवं होतं, मोठा झटका बसायच्या आधी.

"मले आजबी करंट लागला."

"प्लास्टिक हाय ते," नवरा वीरेंद्र म्हणाला. "तुले भास होऊन राहिला."

"कामाचा कंटाळा आला म्हणून सांग ना," सासू सत्यभामाबाई म्हणाल्या. "करंटचं नाव कायले घेते?"

दुपारी वीरेंद्रनं कव्हरला टेस्टर लावला. पेटला नाही. पोत्यावर बसलेला हमाल मंगरू हसला. "वहिनी, करंट बी तुमालेच लागते."

दुसऱ्या दिवशी, धुक्यात, तिनं एकटीनं टेस्टर लावला. कुंकवावर. टेस्टरमध्ये लाल ठिणगीएवढा उजेड.

"अवो, या लवकर!"

"चहा पिऊन आलो."

चहा संपला. ऊन आलं. कव्हर सुकलं. उजेड गेला.

करंट प्लास्टिकच्या आतून जातच नाही. वरून जातो, ओल्या कोंड्यावरून, ओल्या कुंकवावरून. वाटेत जिथं सुकतं तिथं बारीक ठिणगी पडते, तेवढं प्लास्टिक कोळसा होतं. पुढच्या वेळी कोळशावरून जाणं सोपं.

दामिनीनं मीटरजवळचा फ्यूज काढून कमरेला खोचला. गिरणी बंद. बाहेर धान घेऊन आलेले लोक ओरडत होते. तिनं सुकं फडकं घेतलं.

सत्यभामाबाईंनी तिचं मनगट धरलं, तेच, उजवं. "लक्ष्मीचं कुंकू पुसते का कोणी?"

"मी पुसीन," दामिनी म्हणाली. "सोडा."

डाव्या हातानं पुसलं. कुंकू गेलं, कोंडा गेला. त्याखाली, कव्हरच्या वरच्या उघड्या स्क्रूपासून खटक्यापर्यंत काळी रेघ, फांद्या फुटलेली, प्लास्टिकमध्ये खोल जळलेली.

वीरेंद्रनं रेघेवरून नख फिरवलं. "हे कवापासून हाय?"

तो दामिनीकडे पाहत होता. दामिनी सासूकडे. सत्यभामाबाईंनी मनगट सोडलं.

"नवीन कव्हर आणतो," तो म्हणाला.

मागच्या दिवाळीपासून सत्यभामाबाई तिथलं कुंकू बोटानं नाही, लाकडी काडीनं लावत होत्या.