तळाशी नाव नसलेली भांडी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या लॅनियर स्प्रिंग्ज गावात नवे बिऱ्हाड आले की पहिल्याच आठवड्यात त्याच्या दाराशी जेवण पोचते. कुणाकडून चीज घातलेली मॅकरोनी, कुणाकडून कोंबडी आणि भात, कुणाकडून पीचची फळे भरून भाजलेला गोड 'पाय'. पदार्थ ज्या काचेच्या भांड्यात भाजला, त्याच भांड्यातून तो पाठवायचा आणि भांड्याच्या तळाशी चिकटपट्टीवर घरधनिणीचे नाव लिहायचे, अशी पद्धत आहे. नव्या माणसाने भांडे धुऊन परत करायला यावे, आपण त्याला आत बसवावे, बर्फ घातलेला गोड चहा द्यावा आणि तासाभरात त्याचे सारे गोत्र विचारून घ्यावे. ट्रकमधून सामान उतरले म्हणजे माणूस गावात आला, असे आम्ही मानत नाही. भांडे परत करून तो घरी गेला, म्हणजे आला.

कुणी काय पाठवायचे याची यादी व्हर्नेल टिडमोर गेली एकोणीस वर्षे सांभाळत आली. तिचा नवरा हार्लन कॉलेजच्या बॉयलर-घराचा निवृत्त प्रमुख. धातूची नळी कुठे गळते हे कानाने ओळखणारा माणूस. स्वतःच्या घरात काय गळत होते, ते मात्र त्याला आठ महिने ऐकू आले नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी शेजारच्या टेरेल गेन्सने त्याला पाणी गरम करायची टाकी पाहायला बोलावले. टेरेल कृष्णवर्णीय, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. त्याची बायको इंग्रिड मिनेसोटाची गोरी, इस्पितळात परिचारिका. मुलगी मार्गो नऊ वर्षांची. ऑगस्टमध्ये ते इथे राहायला आले होते. हार्लनचे टेरेलशी रोज बोलणे होई, पण ते नेहमी कुंपणापाशी.

गॅरेजमध्ये टाकीचा बोल्ट आवळून हार्लन उठला, तेव्हा त्याला फळीवर ॲल्युमिनियमचे पातळ ट्रे दिसले. ओळीने एकात एक बसवलेले, लखलखीत घासलेले. दुकानात सहा-सहाच्या पुडक्यात मिळतात आणि एकदा वापरून फेकायचे असतात, तसले.

"काय प्रोफेसर, भंगाराचा धंदा काढताय की काय?"

टेरेल हसला नाही. "इंग्रिडचे आहेत. ती फेकू देत नाही." मग तो म्हणाला, "तुम्हाला सांगायचंच होतं. आम्ही जूनमध्ये जातोय. ओहायोच्या एका कॉलेजनं बोलावलंय. शुक्रवारी होकार कळवायचा आहे."

"का हो? कुणी काही बोललं का?"

"बोललं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

तेवढ्यात इंग्रिड दारात आली. तिने ते ट्रे खाली काढले आणि मोजून हार्लनच्या हातात दिले. अकरा होते.

"इस्पितळातल्या एका बाईनं मला तुमची पद्धत सांगितली," ती म्हणाली. "मी सगळे घासले. एकेक उलटा करून नाव पाहिलं. वाटलं, पट्टी भिजून निघाली असेल. सिंकच्या जाळीत हात घालून शोधली हो मी. मग अकरावा घासताना डोक्यात उजेड पडला, की हे परत यावेत अशी कुणाची इच्छाच नाही."

"व्हर्नेलनं सोयीसाठी दिला असेल. तुमची खोकी उघडायची होती..."

"असेल. आठ महिन्यांत आम्ही इथल्या एकाही घराच्या आत गेलो नाही, हार्लन. मार्गोला वाढदिवसांना बोलावतात. बागेत, नाहीतर तलावावर. रात्री मैत्रिणीच्या घरी राहायला मात्र एकदाही नाही. परवा तिनं विचारलं, 'आई, माझ्याकडून काही सांडतं का?'"

 हार्लनला आठवले, त्यातला एक ट्रे तो स्वतःच घेऊन आला होता. गरम होता म्हणून फडक्यात धरून, हसत हसत.

तो घरी न जाता मिस ओडेसा पिकन्सकडे गेला. कॉलेजच्या भोजनगृहात चौतीस वर्षे मुख्य आचारीण असलेली ही कृष्णवर्णीय वृद्धा व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती. हार्लनने उमेदीच्या काळातले निम्मे जेवण तिच्या हातचे खाल्ले होते. त्याने सारी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाला, "मिस ओडेसा, आमची माणसं वाईट नाहीत हो."

"नाहीत ना. वाईट माणूस पाच मैलांवरून ओळखता येतो. त्याचा काय त्रास?" तिने शेंगांचे टोपले सरकवले. "बस, सोल. रिकाम्या हातानं नवराबायकोची भांडणं ऐकायची मला सवय नाही."

"भांडण अजून झालंच नाही."

"मग घरी जाऊन कर. ऐक पोरा. माझ्या लेकीनं, लुसिंडानं, एका गोऱ्या सुताराशी लग्न केलं आणि याच गावात घर घेतलं. चाळीस वर्षं झाली. तिच्या दाराशी काय आलं, ठाऊक आहे? काही नाही. रिकामी पायरी. आता ट्रे येतात. प्रगती झाली म्हणायची!"

हार्लन कसनुसे हसला.

"हसू नकोस. रिकामी पायरी निदान खरं बोलत होती. हा ट्रे गोड बोलतो, पोटभर खाऊ घालतो आणि वर सांगतो, 'बाळा, पुन्हा यायचे कष्ट घेऊ नकोस.' आणि एक सांग. माझ्या घरी तू किती वेळा आलास?"

"पुष्कळदा."

"व्हरांड्यात. आत किती वेळा?"

हार्लन हातातली शेंग टोपल्यात ठेवून उठला.

घरी आल्यावर त्याने व्हर्नेलची यादीची वही उघडली. त्याच ऑगस्टमध्ये, त्याच आठवड्यात, मिशिगनहून ड्रिस्कॉल नावाचे गोरे जोडपे आले होते. त्यांना जेवण पाठवणारी तीच अकरा घरे, आणि प्रत्येक नावापुढे भांडे परत आल्याची खूण; गेन्सच्या पानावर एकही खूण नव्हती.

"ड्रिस्कॉलांना कशातून दिलं होतंस?"

"निळ्या काचेच्या भांड्यातून. का?"

"आणि गेन्सना?"

व्हर्नेल ओटा पुसत होती. ती पुसतच राहिली. "आता काय, भांड्यांचं ऑडिट करणार आहेस?"

"बाकीच्या दहाजणींना तू सांगितलंस का, ट्रेमधून द्या म्हणून?"

"देवाशपथ नाही. मी कुणालाच काही सांगितलं नाही."

"तेच तर किळसवाणं आहे, व्हर्नेल. कुणाला काही सांगावंच लागलं नाही. अकरा घरांनी, एकमेकांना न विचारता, एकच विचार केला. आणि तो ट्रे मी पोचवला. माझ्या या हातांनी."

"मी त्यांचं वाईट चिंतलं नाही. मला फक्त वाटलं, तो भांडं परत करायला आला, ती सोबत आली, आणि त्याच वेळी दर गुरुवारी आपल्याकडे जमतात त्या बायका बसलेल्या असल्या तर..." तिने वाक्य तिथेच सोडले. आपण काय बोललो हे तिच्या कानांवर आत्ता पडले असावे. फडके ओट्यावर टाकून ती म्हणाली, "शी. कसली बाई आहे मी."

बुधवारी दोघे गेन्सांच्या दाराशी गेले. हातात काहीही नव्हते. व्हर्नेल उभ्यानेच बोलली, "मी चुकून केलं नाही. निवडून केलं. तुम्ही माझ्या घरात दिसू नये म्हणून. हे तुमच्या तोंडावर सांगायला आलेय. आणि जाऊ नका, असं विनवायलाही."

इंग्रिडने तिला आत बसवले. "मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं," ती म्हणाली. "कुणी बोलून दाखवतंय का, याची वाट पाहत होते. तुम्ही बोललात, आभारी आहे. पण तुमचा पश्चात्ताप पिकेपर्यंत माझ्या मुलीनं इथं थांबावं, असं मी तिला सांगू शकत नाही."

शुक्रवारी होकाराचे पत्र गेले.

जूनच्या पहिल्या रविवारी चर्चच्या सभागृहात निरोपाचा केक कापला गेला. गेन्स कुटुंब लांबच्या प्रवासाला लवकर निघून गेले, तशी मागे राहिलेल्या बायकांत हळहळ सुरू झाली. "किती गोड माणसं होती," एकजण म्हणाली. "का गेली, देव जाणे. आपण तर इतकं केलं त्यांचं."

"देवाला कशाला त्रास देता?" व्हर्नेल म्हणाली. "मीच सांगते."

आणि तिने सांगितले. आधी स्वतःचे नाव घेतले, आपल्या भांड्याचा रंग सांगितला, गुरुवारच्या बायकांची भीती सांगितली. मग वही उघडून उरलेली दहा नावे वाचली: ड्रिस्कॉलांना काच, गेन्सना ट्रे. पाचव्या नावाला कुणीतरी म्हणाले, "व्हर्नेल, पुरे." ती थांबली नाही. दोघीजणी उठून बाहेर गेल्या. एक म्हातारी रुमालाने तोंड झाकून बसली. वाचून झाल्यावर व्हर्नेलने वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही यादी आता दुसऱ्या कुणी करा. माझ्या हातून ती स्वच्छ होत नव्हती."

बाहेर आल्यावर ती हार्लनला म्हणाली, "मिस ओडेसा रविवारी दुपारी घरी असते का?"

"असते. का?"

"जेवायला बोलवायचंय. आत, टेबलाशी. पडदे उघडे ठेवून."

"येईलच असं नाही."

"नको येऊ दे. विचारायचं काम माझं आहे."

नागरिकहो, मिश्र वर्णाच्या कुटुंबाला आमच्या गावाने दगड मारला नाही, शिवी दिली नाही, उपाशीही ठेवले नाही; आणि तरीही ते घालवून दिले. हे काम आम्ही इतक्या स्वच्छ हातांनी केले की डाग शोधायला एका परक्या बाईला सिंकच्या जाळीत हात घालावा लागला. कुणाचे स्वागत आपण किती केले, हे त्याच्या दाराशी काय पोचवले यावरून मोजू नये. आपल्या उंबऱ्याच्या आत त्याला किती वेळा बसवले, एवढेच मोजावे. आणि तो आकडा शून्य असेल, तर आपल्या गोडपणाची आपल्यालाच किळस यावी. सुधारणा तिथूनच सुरू होते.