इवल्या ढलप्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि माझ्या पोटात शब्द राहतात. दाराच्या उरलेल्या फळीतून सुताराने मला घडवले. मोठ्या ठोकळ्यांवर त्याने ताई, बाबा, पाणी, राग असे शब्द कोरले, आणि भुशात पडलेल्या ढलप्यांवर ला, चा, ने, का. हे इवले कशाला, याचे मला भारी कुतूहल!

आजारपणात ज्यांचे बोलणे हरवते, त्यांना पुन्हा बोलते करणाऱ्या बाईंच्या टेबलावर मी असते. त्यांचा एक नियम आहे. शिकणाऱ्याचे वाक्य दुसऱ्याने पुरे करायचे नाही. म्हणून सोबत आलेल्या माणसाच्या तोंडात त्या लिमलेटची गोळी देतात. "विरघळेपर्यंत चकार शब्द नाही हं!"

एकदा एक शिंपीकाका आले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या तोंडून सुटे शब्दच येत. सोबत त्यांची लेक होती, तिला घरी ताई म्हणत. ती दारातूनच म्हणाली, "बाई, उद्यापासून यांना दादा आणेल. घरी सारखं 'ताई, बाबा, राग' चाललेलं असतं. मी त्यांचं दुकान बंद केलं ना! माझं तोंडसुद्धा नको झालंय त्यांना."

"आधी गोळी घ्या," बाई म्हणाल्या. "आणि बसा."

काकांनी तेच तीन ठोकळे मांडले. ताई, बाबा, राग. लेकीने मान फिरवली.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, कापड कापून झालं. आता शिवा की!"

काका थबकले. मग सुई धरावी तसा त्यांनी 'ला' चिमटीत उचलला. मी श्वास रोखला. ताईचा बाबाला राग, की ताईला बाबाचा? शब्द तेच, रांग तीच. पण राग कुणाच्या पोटात आहे, ते या ढलप्याच सांगणार होत्या!

'ला' ताईला चिकटला. 'चा' बाबाला. मग काका माझा तळ चाचपू लागले. पण वाक्याचा प्रश्न करणारा 'का' कधीचाच हरवला होता. शेवटी त्यांनी लेकीकडे पाहिले आणि आवाज वर चढवला.

"ताईला... बाबाचा... राग?"

लेकीने गोळी कडकन फोडली. "मला? तुमचा? तुमच्यासाठी नोकरी सोडली म्हणून? अहो बाबा, काहीतरीच काय! उद्या मीच येणार. दादा बसू दे घरी."

डोळे पुसून ती जमिनीवर ओणवी झाली आणि कपाटाखालून पट्टीने धुळीसकट 'का' ओढून काढला. काकांनी तो फुंकला, आणि शेवटचा टाका घालावा तसा रागापुढे ठेवला.

मित्रांनो, देवाने लहानातल्या लहानालाही काम नेमून दिले आहे. तेव्हा खेळ आवरताना कपाटाखाली एकदा डोकवा. आणि कुणी अडखळत बोलत असेल, तर आपल्या तोंडात गोळी आहे असे समजा.