त्यांच्या पश्चात पत्नी

युवराज गेला ती बातमी मीच वाचली. सात वाजताच्या बातम्यांत, साड्यांच्या जाहिरातीनंतर आणि एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या आधी. नवलने, आमच्या कॅमेरामनने, चिठ्ठी हातात देताना विचारलं, "मॅडम, जमेल ना?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" आणि वाचली. "खान्देशचे लाडके गायक युवराज यांचे अमळनेर येथे हृदयविकाराने निधन. त्यांच्या पश्चात आई, पत्नी, एक मुलगी, एक मुलगा असा परिवार आहे."

'पत्नी' या शब्दाशी मी थांबले. दोन सेकंद. पुढची बातमी वाढदिवसाची होती, ती हसून वाचली. घरी आले, खिचडी टाकली, खाल्ली. रडू येईल म्हणून पंखा बंद करून बसले, तर नुसता घाम आला.

तुम्ही जळगाव-धुळ्याकडचे असाल आणि तुमचं लग्न पंधरा-सोळा वर्षांपूर्वी झालं असेल, तर मला ओळखता. ओळखत नसाल तर तुमच्या वरातीत डीजे नव्हता. 'धनी मना दीपनगरले' हे माझं गाणं. नवरा दीपनगरच्या पॉवर हाऊसमध्ये रातपाळीला, गावात वीज नाही, आणि बायको अंधारात बसून त्याला शिव्या घालते, असं ते गाणं. जळगावला टायरच्या दुकानावर तोताराम नानांचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. तिथे मे महिन्यात पंखा बंद करून आम्ही ते गायलो. मी बायको, युवराज नवरा.

सीडी बसस्टँडवर भाजीसारखी खपली. मग आणखी दहा अल्बम झाले आणि दहाही अल्बमांत युवराजच माझा नवरा. चोपड्याच्या केळीच्या बागेत त्याने मला एका दिवसात चार वेळा मंगळसूत्र बांधलं, कारण दिग्दर्शकाला ऊन पसंत पडेना. खऱ्या बायकोला त्याने एकदाच बांधलं होतं, आम्ही भेटायच्या सहा वर्षं आधी.

लोकांनी मात्र आम्हाला नवरा-बायको ठरवून टाकलं. धुळ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, पसंती झालेली. त्याची आत्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "हाई ते युवराजनी बायको शे. मी सीडीमा देखेल शे." सगळे हसले. मीही हसले. पण ते लोक परत काही आले नाहीत. नंतरची दोन स्थळं तर चहापर्यंतही पोचली नाहीत.

माझं त्याच्यावर प्रेम होतं का? होतं. आत्ताच सांगून टाकते, कोणाला ताटकळत ठेवायचा माझा स्वभाव नाही. त्याला ते ठाऊक होतं का, ते मला ठाऊक नाही. तो मला सुलक्षणाताई म्हणायचा.

पुढे गाणी मोबाइलवर फुकट मिळायला लागली. नानांनी स्टुडिओ बंद केला, नव्या पोरी आल्या, त्यांच्या गाण्यांचा वेग माझ्या दमाला झेपेना. युवराज ऑर्केस्ट्रात गात राहिला. मला जळगावच्या एका लोकल चॅनलने उचललं, कारण चेहरा ओळखीचा होता. गेली दहा वर्षं मी सात वाजता "नमस्कार, मी सुलक्षणा" म्हणते आणि वाढदिवस, सेल, पाणीकपात आणि निधन एकाच सुरात वाचते. लोक म्हणतात, काय गोड आवाज आहे. गोडच आहे. त्यात आता काही नसतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी मी अमळनेरला निघाले. आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर येतात. बायका गल्लीच्या तोंडापासूनच रडत येतात आणि आत येऊन त्याच्या बायकोच्या गळ्यात पडतात. रीतच आहे. मी ठरवलं होतं, मागे बसायचं, सुनंदाबाईंना हात जोडायचे आणि चारच्या गाडीने परत. साडी पांढरट नेसले होते. टिकली बसमध्येच काढली. का, ते विचारू नका.

खोलीत सतरंजी टाकलेली. त्याची आई, वच्छलाबाई, भिंतीकडे तोंड करून पडलेली. सुनंदाबाई कोपऱ्यात, डोक्यावरून पदर, डोळे कोरडे. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघी दगडासारख्या बसलो.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. चोपड्याकडच्या कुठल्या गावच्या पंधरा-वीस बायका. युवराज त्यांच्या लग्नांत गायलेला, तेवढीच ओळख. टाहो फोडत आत आल्या, चेहरे पाहिले, आणि थेट माझ्या गळ्यात पडल्या.

"तुना राजा गया वं माय! तुना जोडा तुटना वं!"

एकीने माझं डोकं छातीशी धरलं. दुसरी माझ्या पाठीवरून हात फिरवत मागच्यांना सांगत होती, "सोताना धनीनी बातमी वाची इनी, काय काळीज शे वं!"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम. पण मी म्हटलं नाही. पंधरा वर्षं जी जागा मनातल्या मनात मागितली, ती अशी सतरंजीवर मिळाली होती, आणि मी ती धरून बसले. अनोळखी बायांच्या अंगाला घामाचा आणि तंबाखूच्या मशेरीचा वास येत होता. त्या माझ्यासाठी रडत होत्या, मला रडू येत नव्हतं, तरी मला ते हवं होतं. पाच मिनिटं असेल. लाज वाटावी इतका वेळ नक्की. घरच्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग पुढची बाई सुनंदाबाईंकडे वळली. "ए बहीन, बठी काय ऱ्हायनी? हाई बाईले पानी दे!"

आणि सुनंदाबाई उठल्या. नवरा जाऊन तीन दिवस झालेली बाई, तिला कोणी जागचं हलू देत नाही, ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खरंच माठाकडे निघाली. माझ्यासाठी पाणी आणायला.

मी त्या बायांचे हात सोडवले आणि उभी राहिले. तोंडातून आधी "नमस्कार" निघालं. दहा वर्षांची सवय, काय करणार. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग मी बातम्यांच्याच आवाजात बोलले, दुसरा आवाज मला उरलेला नाही.

"मी सुलक्षणा. मी युवराजभाऊंची कोणी नाही. सोबत गायचे. या सुनंदाबाई. युवराजभाऊंच्या पत्नी. यांच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. मुलगी बारावीला आहे, मुलगा नववीला. माणूस यांचा गेलाय."

मग त्या सगळ्या माठाकडे धावल्या. "माय वं, आम्हले माफ कर वं!" त्यांच्या मिठीत सुनंदाबाईंच्या हातातला तांब्या पडला, आणि मग त्या रडल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा, असं शेजारची बाई मला म्हणाली. वच्छलाबाई भिंतीकडून वळल्या आणि त्यांनीही सूर धरला. मी चपला शोधायला बाहेर आले.

पाठोपाठ सुनंदाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. पदराने तोंड पुसलं.

"टीव्हीवर तुम्ही थांबनात," त्या म्हणाल्या. "'पत्नी' शब्द उना तठे. मी देखं."

"खोकला आला होता," मी म्हटलं.

त्या माझ्या कपाळाकडे बघत होत्या, टिकली काढल्याचा डाग असतो ना, तिथे. रागाने नाही. "मले बी तीन दिवस तोच खोकला व्हता, ताई," म्हणाल्या आणि आत गेल्या.

स्टँडवर चारची गाडी लागलेली होती. खिडकीपाशी बसून मी नवलला फोन केला. सातच्या बातम्या आज दुसऱ्या कोणाला दे, उद्याच्याही आणि परवाच्याही. दहा वर्षांत मी एकही बुलेटिन चुकवलं नव्हतं, तापातही नाही.

"रजेच्या अर्जावर कारण काय लिहू, मॅडम?"

"सुतक लिही," मी म्हटलं.

कोणाचं, ते नवलने विचारलं नाही.